पुण्यातील कंट्रोल लाइन विमानांची सकाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला थांबून विमाने पाहणारे लोक आम्हाला बहुधा हेच प्रश्न विचारतात. त्यांची सविस्तर उत्तरे एकत्र मिळावीत म्हणून ती येथे लिहिली आहेत. ज्यांना स्वतः विमान उडवून पाहायचे आहे त्यांनी सुरक्षिततेविषयीची उत्तरे शेवटपर्यंत वाचूनच यावे, ही आग्रहाची विनंती आहे.

कंट्रोल लाइन विमान म्हणजे नेमके काय?

हे खरोखर उडणारे छोटे विमान असते. त्याच्या डाव्या पंखाच्या टोकातून दोन बारीक पोलादी तारा बाहेर येतात आणि वर्तुळाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या पायलटच्या हातातील मुठीला जोडलेल्या असतात. विमान पायलटभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. पायलटने मूठ कलवली की एक तार ओढली जाते आणि दुसरीला तेवढीच सवड मिळते. त्यामुळे पंखाच्या मध्यावर बसवलेला बेलक्रँक नावाचा लहानसा तिकोनी तुकडा फिरतो, तो पुशरॉड ही बारीक दांडी ढकलतो किंवा ओढतो, आणि शेपटीवरचा एलेव्हेटर, म्हणजे विमानाला वर-खाली वळवणारी आडवी हलती पट्टी, वरखाली होतो. सारी यंत्रणा एवढीच आहे.

इंजिनाचा वेग सहसा जमिनीवरच ठरवून दिलेला असतो आणि इंधन संपेपर्यंत किंवा टायमर मोटर बंद करेपर्यंत विमान उडतच राहते. थांबण्याचा पर्याय नसल्यामुळे पायलटला पाच-सहा मिनिटे पूर्ण लक्ष द्यावेच लागते.

रेडिओवर चालणारी विमाने सहज मिळत असताना तारांचा आग्रह कशासाठी?

विमान हाताला कळते, म्हणून. रेडिओच्या विमानात पायलट काठी हलवतो आणि परिणाम डोळ्यांनी पाहतो. येथे वाऱ्याची झुळूक, वळणातील ताण, इंजिनाचा उतरता जोर हे सगळे तारांतून मनगटापर्यंत पोहोचते, आणि सरावलेल्या माणसाला विमानाची चूक डोळ्यांच्या आधी बोटांत जाणवते. ज्यांनी ही ओढ एकदा अनुभवली त्यांतील बरेच जण रेडिओचे विमान घेऊनही तारांकडे परत येतात.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. तारांची लांबी ही विमानाची सीमा असते. 18 मीटरच्या तारांवरचे विमान 18 मीटरपेक्षा फारसे उंच किंवा दूर जाऊ शकत नाही. शहराच्या अंगावर येत चाललेल्या मैदानांत ही मर्यादा मोठी सोय ठरते.

हा छंद कोठून आला? भारतात तो कोणी करते का?

अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात जिम वॉकर यांनी 1940 च्या सुमारास ‘फायरबॉल’ नावाचे विमान बाजारात आणले आणि तेथून ही पद्धत जगभर पसरली. त्याच राज्यातील ओबा सेंट क्लेअर यांनी अशा तऱ्हेचे विमान त्याआधीच उडवले होते, असेही मानले जाते.

भारतात या छंदाला सर्वाधिक आधार मिळाला तो एनसीसीच्या हवाई शाखेमुळे. तेथे एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात कॅडेट कंट्रोल लाइन विमाने उडवतात. कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरने ‘ऑरोरा’ या नावाने छोटी इंजिने बनवली, आणि जुन्या हौशी मंडळींच्या पेटीत त्यांतील एखादे अजूनही तेल लावून जपलेले सापडते. आमच्यातील काही जणांनी पहिले विमान कॅडेट असतानाच उडवले आणि नोकरी-संसारात मध्यंतरी सुटलेला धागा पुन्हा हाती घेतला.

सकाळीच का जमता?

वाऱ्यासाठी. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास हवा बहुधा शांत असते. ऊन चढले की जमीन तापते, हवा वर उठू लागते आणि झुळका अनियमित होतात. तारांवरच्या विमानाला संथ वाहणारा वारा चालतो, परंतु दिशा बदलणारा वारा चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत हा शांत काळ आणखी आखूड होतो, म्हणून तेव्हा उजाडतानाच यावे लागते. लवकर येण्याचा दुसरा लाभ असा की क्रिकेटचे संघ येण्यापूर्वी मैदान मोकळे मिळते. एकदा त्यांचे स्टंप रोवले गेले की आपण आपले सामान आवरावे, हा आमचा अलिखित नियम आहे.

मैदान किती मोठे आणि कसे असावे?

18 मीटर तारा, त्यापुढे पायलटचा हात आणि विमानाचा पंख, आणि बाहेर मोकळी सोडायची जागा असा हिशेब केला तर किमान 50 मीटर लांब व 50 मीटर रुंद सपाट जागा हवी. शाळा-महाविद्यालयाचे फुटबॉलचे मैदान पुरेसे होते. आखूड गवत सर्वांत चांगले. मुरमाच्या मैदानावर चाके छान धावतात, परंतु खडे उडून प्रोपेलरच्या कडांना चरे पडतात, त्यामुळे निदान धावपट्टीचा भाग झाडून घ्यावा लागतो. संक्रांतीच्या आसपास जमिनीवर पडलेला मांजा वेचून मगच विमान ठेवावे, कारण तो चाकांच्या आसात किंवा मोटरच्या दांड्यावर गुंडाळला जातो.

गोल फिरून चक्कर येत नाही का?

पहिल्या काही उड्डाणांत येते, आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. एक फेरी साधारण पाच सेकंदांची धरली तर पाच मिनिटांच्या उड्डाणात पायलट साठ वेळा स्वतःभोवती फिरतो. उपाय असा की नजर केवळ विमानावर ठेवावी. मागची झाडे, इमारती आणि माणसे पाहू लागले की डोके गरगरते. विमानावर खिळलेल्या नजरेला मात्र विमान स्थिर भासते आणि मागचे जग पुसट होऊन जाते. विमान उतरल्यावर लगेच चालू लागू नये. दूरच्या एखाद्या स्थिर वस्तूकडे पाहत क्षणभर उभे राहावे. नवख्याने सकाळी उपाशीपोटी येऊ नये, आणि भरल्या पोटीही येऊ नये.

विमान हाताला किती ओढते? तारा तुटल्या तर?

ही ओढ वेग, वजन आणि तारांची लांबी यांवर ठरते. नवशिक्याचे अर्धा किलोचे विमान 12 मीटर तारांवर साडेचार सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर त्याचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या आसपास येतो आणि हाताला सव्वा किलोच्या पिशवीएवढी ओढ जाणवते. सव्वा किलोचे कसरतीचे विमान 18 मीटर तारांवर पाच सेकंदांच्या फेरीने उडाले तर वेग ताशी 80 किलोमीटरच्या पुढे जातो आणि ओढ साडेतीन किलोपर्यंत पोहोचते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून ‘जरा मोठे इंजिन लावू’ हा विचार नवख्याने लांब ठेवावा.

तारा तुटू नयेत यासाठी दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी ओढ-चाचणी केली जाते. एकाने विमान पक्के धरायचे आणि दुसऱ्याने मुठीकडून विमानाच्या वजनाच्या दहापट ताण द्यायचा. तारा, त्यांची टोके, बेलक्रँक आणि त्याचा खिळा, मूठ या सगळ्यांची परीक्षा एकाच वेळी होते. साध्या स्प्रिंगच्या ताणकाट्याने हा ताण मोजता येतो. आमच्याकडे ही चाचणी टाळून कोणालाही उडवू दिले जात नाही, मग तो कितीही अनुभवी असो. त्याशिवाय मुठीला जोडलेला पट्टा मनगटात अडकवलेला असलाच पाहिजे, म्हणजे मूठ हातून निसटली तरी विमान मोकळे सुटत नाही.

तारा पिळाच्या स्टेनलेस पोलादाच्या असतात. लहान विमानांना 0.3 मिलिमीटर, मध्यम विमानांना 0.38 मिलिमीटर जाडीची तार वापरतात. तारेत एक जरी मुरड पडली तरी ती तार टाकून द्यावी. मुरड सरळ करता येते, पण त्या जागचा कमकुवतपणा जात नाही.

तारा सैल पडल्या तर काय करायचे?

ताबडतोब मागे सरकायचे, म्हणजे विमानापासून दूर जायचे. पतंग उडवणाऱ्याला ढील देण्याची सवय असते. येथे ढील म्हणजे नियंत्रण गेले, कारण ताण नसलेली तार एलेव्हेटर हलवू शकत नाही.

मुळात तारा ताठ राहाव्यात यासाठी विमानातच काही योजना केलेल्या असतात. बाहेरच्या पंखाच्या टोकात साधारण 15 ते 30 ग्रॅम शिसे ठेवतात, कारण आतल्या पंखाला तारांचे निम्मे वजन पेलावे लागते. इंजिन आणि उभे सुकाणू किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेले असते. तारा पंखातून जेथून बाहेर पडतात ती जागा गुरुत्वमध्याच्या थोडी मागे असते, त्यामुळे विमानाचे नाक जरासे बाहेर राहते.

उरलेले काम वाऱ्याची दिशा ओळखण्याचे आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यावर वर्तुळाचा जो भाग समोर येतो तेथे वारा विमानाला बाहेर ढकलतो आणि तारा ताठ ठेवतो. सर्व कसरती याच बाजूला कराव्यात. याच्या उलट बाजूला वारा विमानाला आत लोटतो, म्हणून तेथे सरळ आणि थोडे खालून उडावे. विमान सोडण्याची जागाही या समोरच्या बाजूच्या पाव फेरी आधी ठेवतात, म्हणजे चाके जमिनीवरून सुटता सुटता ते सुरक्षित भागात पोहोचते.

पहिले विमान कोणते घ्यावे आणि सामान कोठे मिळेल?

पहिले विमान देखणे असण्यापेक्षा दुरुस्त करायला सोपे असावे, असे आमचे ठाम मत आहे. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या फळीतून कापलेला सपाट पंख आणि पट्टीसारखे सपाट अंग असलेले विमान एका आठवड्याच्या संध्याकाळींत तयार होते आणि मोडले तर मैदानावरच जोडता येते. बाल्सा महाग वाटत असेल तर जाहिरातीच्या फलकांसाठी वापरतात ती सनपॅक शीट घ्यावी. ती वजनाला थोडी जड असते, परंतु नवख्याच्या हातून होणारे आघात ती बाल्सापेक्षा शांतपणे सोसते.

बाल्सा आणि मोटरी हॉबीच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवाव्या लागतात. बाकीचे बहुतेक सामान पेठांत मिळते. प्लायवूडचे तुकडे भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये, स्क्रू-नट, पियानो वायर आणि बारीक हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला, वायर, कनेक्टर आणि सोल्डरिंगचे साहित्य बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीच्या परिसरात शोधावे. दुकानदाराला वस्तू कशासाठी हवी ते सांगितले की तो बऱ्याचदा स्वतःच योग्य पर्याय सुचवतो.

विमान बांधल्यावर गुरुत्वमध्य तपासल्याशिवाय मैदानावर आणू नये. तो पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव भागात असावा. नाक जड असलेले विमान मंद प्रतिसाद देते एवढेच. शेपूट जड असलेले विमान नवख्याच्या हाती पहिल्याच फेरीत जमिनीत शिरते.

इंजिन घ्यावे की इलेक्ट्रिक मोटर?

नवशिक्याने मोटर घ्यावी. ब्रशलेस मोटर, लिथियम-पॉलिमर बॅटरी, वेगनियंत्रक आणि टायमर एवढ्यात काम होते. उड्डाणाची वेळ ठरवता येते, आवाज कमी होतो आणि सकाळी सात वाजता शेजारच्या सोसायटीतून तक्रार येत नाही. बॅटरी मात्र जपावी लागते. ती चार्ज होताना जवळ थांबावे, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावी.

इंजिनाचे सुख वेगळे आहे आणि ज्यांना त्याची ओढ आहे त्यांना आम्ही कधीच परावृत्त करत नाही. ग्लो इंजिन मिथेनॉल, तेल आणि थोडे नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालते. छोटे डिझेल इंजिन ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल साधारण समप्रमाणात घेऊन चालते आणि त्याला ठिणगीची गरज नसते, दाबानेच इंधन पेटते. कसरतीसाठी जुळवलेले इंजिन सरळ उड्डाणात जाडसर आवाजात चालते आणि विमानाने नाक वर करताच त्याचा स्वर चढतो. हा बदल कानांनी ओळखून इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई अर्धा आटा फिरवण्यात जे समाधान आहे ते मोटरीत मिळत नाही. तथापि, मिथेनॉल विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जाते, आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हे ध्यानात ठेवूनच इंजिनाकडे वळावे.

शिकताना पहिल्या दिवशी काय होते?

पहिल्या उड्डाणात अनुभवी पायलट तुमच्यामागे उभा राहून तुमच्या हातासकट मूठ धरतो आणि दोघे मिळून फिरतात. नवख्याची सर्वांत मोठी अडचण मनगट असते. विमान जरा खाली आले की मनगट झटक्याने वर वळते, विमान उसळी घेते, घाबरून मनगट खाली वळते, आणि तिसऱ्या हिसक्याला विमान जमिनीवर येते. म्हणून सुरुवातीला मनगट आणि कोपर ताठ ठेवून संपूर्ण हात खांद्यातून हलवायला सांगतात. हात वर गेला तर विमान वर, हात खाली आला तर विमान खाली. काही उड्डाणांनंतर शिकवणाऱ्याची पकड सैल होते आणि अखेर तो वाकून तारांखालून वर्तुळाबाहेर पडतो.

उडवण्यापूर्वी मूठ हातात घेताच ‘वर’ म्हणून एलेव्हेटर वर जातो का ते विमान धरणाऱ्याकडून मोठ्याने वदवून घ्यावे. मूठ उलटी धरली गेली असेल तर ते येथेच कळते.

कसरती कोणत्या असतात?

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ-टू-बी या प्रकारातला क्रम आमच्यासाठीही आदर्श आहे. उड्डाणानंतर उलटा विंगओव्हर (पायलटच्या डोक्यावरून सरळ पलीकडे जाणे), आतले तीन लूप (उभ्या गोल गिरक्या), उलटे उड्डाण, बाहेरचे लूप, मग चौकोनी आणि त्रिकोणी लूप, आडवे व उभे आठ, वाळूचे घड्याळ, डोक्यावरचे आठ, चार पाकळ्यांचे फूल आणि शेवटी उतरणे, हे सारे 7 मिनिटांत बसवायचे असते. सरळ उड्डाण जमिनीपासून दीड मीटरवर व्हावे आणि लूपचा माथा तारांच्या 45 अंशांच्या कोनावर यावा, अशी अपेक्षा असते. 18 मीटरच्या तारांवर हा माथा 13 मीटरच्या आसपास येतो.

लूप वाटतो तितका कठीण नाही. कठीण आहे ते उलटे उड्डाण, कारण तेथे हाताची सवय विरुद्ध होते आणि मूठ वर केली की विमान खाली येते. हे डोक्याने समजून भागत नाही, हाताला समजावे लागते. आमच्यातील एक काका सेवानिवृत्तीनंतर हे शिकले. घरी हातात कागदी विमान धरून ते महिनोन्महिने उलट्या फेऱ्यांचा सराव करत असत, आणि आता त्यांची उलटी फेरी मैदानातली सर्वांत सपाट असते.

यात स्पर्धा असतात का?

असतात, आणि जागतिक अजिंक्यपद दर दोन वर्षांनी होते. कसरतींखेरीज वेग, संघ-शर्यत आणि द्वंद्व असे प्रकार आहेत. वेगाच्या प्रकारात 2.5 घनसेंटिमीटरच्या इंजिनाची विमाने ताशी 280 किलोमीटरच्या पलीकडे जातात. तेथे तारांची लांबी 17.69 मीटर ठेवतात, म्हणजे नऊ फेऱ्यांत बरोबर एक किलोमीटर भरतो. द्वंद्वात दोन पायलट एकाच वर्तुळात उभे राहून प्रतिस्पर्ध्याच्या विमानामागची कागदी पट्टी आपल्या प्रोपेलरने कापण्याचा प्रयत्न करतात. आमची रविवारची सकाळ मात्र स्पर्धेची नसते.

सर्वांत मोठा धोका कोणता?

विजेच्या तारा. आपल्या हातात 18 मीटर लांबीची पोलादी तार आहे आणि पोलाद वीजवाहक आहे, ही गोष्ट क्षणभरही विसरता येत नाही. महावितरणच्या उच्चदाबाच्या वाहिन्या, रोहित्रे किंवा मैदानाच्या कडेने गेलेल्या तारा वर्तुळाच्या जवळपास असतील तर त्या मैदानावर उडवायचे नाही, मग मैदान कितीही चांगले असो. अंतराचा अंदाज करताना विमान सुटून गेले तर कोठवर जाईल, याचाही विचार करावा. ढगांचा गडगडाट कानावर पडताच विमाने जमिनीवर आणावीत आणि तारा खाली ठेवाव्यात.

दुसरा धोका प्रोपेलरचा. मोटर बॅटरी जोडताच अचानक फिरू शकते, म्हणून बॅटरी जोडताना चेहरा आणि हात प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत नसावेत. इंजिन बोटाने न फिरवता काठीने फिरवावे.

परवानगी लागते का?

मैदान ज्या संस्थेचे असेल तिची लेखी परवानगी घ्यावी आणि स्थानिक पोलीस ठाण्याला कल्पना देऊन ठेवावी. पुण्यात लोहगावचा हवाई तळ व विमानतळ, हडपसरचे ग्लायडिंग केंद्र, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि लष्कराच्या अनेक आस्थापना आहेत. त्यांच्या आसपासची जागा निवडूच नये. तारांवरचे विमान उंच जात नाही हे खरे असले तरी दुरून पाहणाऱ्याला ते ठाऊक नसते.

पाहायला आलेल्यांनी कोठे उभे राहावे?

चुन्याने आखलेल्या बाहेरच्या रेषेपलीकडे. तारा दिसत नाहीत म्हणून लोक नकळत वर्तुळात शिरतात. लहान मुलांचा हात धरून ठेवावा आणि कुत्रे सोबत असेल तर त्याला बांधून ठेवावे. विमान उतरले तरी पायलटने मूठ खाली ठेवेपर्यंत आत येऊ नये.

मुलांना शिकवता का?

साधारण दहा वर्षांपासून पुढच्या मुलांना, पालक सोबत असतील तरच. मुले मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, कारण त्यांच्या मनगटात भीती कमी असते. डोळ्यांना चष्मा, पायांत बंद बूट आणि डोक्याला टोपी हवी.

विमान पडले तर?

आधी मोटर थांबली आहे याची खात्री करावी, मग सगळे तुकडे वेचावेत, अगदी काडीएवढेसुद्धा. बाल्साच्या तुटलेल्या कडा एकमेकांत अचूक बसतात आणि सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा, थेंब टाकला की पंख पुन्हा उभा राहतो. तारा मात्र पूर्ण लांबीने तपासाव्यात आणि ओढ-चाचणी नव्याने करावी. बॅटरीला मार लागला असेल तर ती विमानातून काढून मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, किमान अर्धा तास नजरेसमोर ठेवावी.

पावसाळ्यात काय करता?

जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि मैदानात चिखल होतो, त्यामुळे उड्डाणे क्वचितच होतात. हे महिने बांधणीचे असतात. दमट हवेत डोप (विमानाच्या आवरणावरचा रोगणासारखा लेप) लावले तर पृष्ठभागावर पांढरट साय धरते, म्हणून ते काम उघडीप पाहून करावे. तारा कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हलका हात देऊन, किमान वीतभर व्यासाच्या चकतीवर गुंडाळाव्यात. ज्यांना पहिले विमान बांधायचे आहे त्यांनी जुलैतच संपर्क साधावा. दिवाळीनंतरच्या पहिल्या शांत सकाळपर्यंत ते ओढ-चाचणीसाठी तयार होते.